एकाच चार्जरवर अनेक बॅटऱ्या: बेरीज चार्जर बघतो, एकेक बॅटरी तुम्ही बघा

२४ व्होल्टच्या इन्व्हर्टरला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लावलेल्या आहेत. चार्जिंग चालू आहे, डिस्प्लेवर २८.८ दिसतंय, सगळं ठीक वाटतंय. आता मल्टिमीटर घ्या आणि दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एकीवर १५.४ आणि दुसरीवर १३.४ आलं, तरी बेरीज २८.८च होते. पहिली बॅटरी उकळतेय, तिचं पाणी उडून चाललंय. दुसरी रोज अर्धपोटी राहतेय आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसत चाललंय. चार्जरला यातलं काहीही कळत नाही, कारण त्याच्या दोन वायरी दोन टोकांना आहेत आणि मधल्या जोडावर कोणाचंच लक्ष नाही.

लेड ॲसिड बॅटऱ्या एकत्र चार्ज करताना होणारे बहुतेक घोटाळे इथून सुरू होतात. घरच्या इन्व्हर्टरच्या दोन-चार बॅटऱ्या, दुकानातल्या यूपीएसच्या सीलबंद छोट्या बॅटऱ्या, मंडळाच्या दिव्यांसाठी जमवलेला संच किंवा ई-रिक्षाचा ४८ व्होल्टचा संच, यांना पहिल्यांदा हात लावणाऱ्यासाठी हे लिहिलं आहे. इथले सगळे आकडे लेड ॲसिडचे आहेत. लिथियम बॅटरी या जोडणीत कधीच मिसळू नका, आणि तिला लेड ॲसिडचा चार्जरही लावू नका.

आधी जागा

बॅटरी भरत आली की तिच्यातल्या पाण्याचं विघटन होतं आणि हायड्रोजन व ऑक्सिजन सुटतात. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की एका ठिणगीने भडका उडू शकतो. किती हायड्रोजन सुटेल याचा हिशोब घरी करता येतो. भरलेल्या एका सेलमधून १ अँपिअर करंट तासभर गेला की साधारण ०.४५ लिटर हायड्रोजन तयार होतो. १२ व्होल्टच्या एका बॅटरीत ६ सेल असतात, दोन बॅटऱ्या म्हणजे १२ सेल. चार्जर बिघडून बॅटरी भरल्यावरही ५ अँपिअर ढकलत राहिला, तर तासाला १२ × ५ × ०.४५ म्हणजे २७ लिटर. १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि २ मीटर उंच बंद कपाटात २,००० लिटर हवा असते. तिचे ४ टक्के म्हणजे ८० लिटर. तीन तासांत कपाट धोक्याच्या रेषेवर येतं. हायड्रोजन हलका असल्यामुळे वर जाऊन साठतो, म्हणून कपाटाचा वरचा भाग त्याच्याही आधी धोक्यात येतो. चार्जर नीट असेल तर शेवटी करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास उतरतो आणि तेवढा वायू उघड्या खिडकीतून निघून जातो. म्हणजे चार्जर आणि वारा, दोन्ही ठीक हवेत.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये बॅटऱ्यांची ट्रॉली हमखास तीन ठिकाणी सापडते: ड्राय बाल्कनीत, पॅसेजमध्ये, नाहीतर देवघराच्या खालच्या कप्प्यात. ड्राय बाल्कनी हवेशीर असते, पण तिथेच गॅस गिझर असेल तर ज्योत आणि हायड्रोजन शेजारी-शेजारी येतात. ट्रॉली दुसरीकडे हलवा. देवघराखालचा कप्पा आमच्या मते सर्वांत वाईट. दारं बंद आणि बरोबर वर निरांजन. बॅटऱ्या काढून पॅसेजमध्ये आणा. कपाटातच ठेवायच्या असतील तर दाराला खाली एक आणि अगदी वर एक अशा जाळीच्या खिडक्या पाडा. फक्त खालच्या जाळीचा उपयोग होत नाही.

एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी तापमान ४० अंशांच्या आसपास जातं. पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेली बॅटरी त्याहून तापते. भिंत आणि बॅटरी यांत चार बोटं जागा ठेवा, दोन बॅटऱ्यांमध्येही दोन बोटं ठेवा. सगळ्या बॅटऱ्या सारख्या तापमानात राहिल्या पाहिजेत. एकीवर ऊन आणि दुसरी सावलीत असेल, तर काही महिन्यांत त्या एकमेकींशी जुळेनाशा होतात.

हाताशी काय हवं

दोन दशांश दाखवणारा मल्टिमीटर. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. घेताना विचारून घ्या, कारण स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात. पाण्याच्या बॅटऱ्यांसाठी, म्हणजे ज्यांच्यात वरून पाणी घालावं लागतं त्यांच्यासाठी, काचेचा हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडाची ग्रॅव्हिटी, म्हणजे ते पाण्याच्या किती पट जड आहे, हे दाखवणारी नळी). १० ते १३ नंबरचे पाने, मुठीपासून तोंडाजवळपर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळलेले. रबरी हातमोजे, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा, अर्धा किलो खाण्याचा सोडा, पाण्याने भरलेली बादली, पेट्रोलियम जेली. मीटर, लग (केबलच्या टोकाला बसवायची धातूची कडी), फ्यूज होल्डर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतात. हायड्रोमीटर आणि टर्मिनलचे क्लॅम्प नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत विचारा.

अंगठी, बांगडी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. लांब मंगळसूत्र किंवा साखळी ब्लाउजच्या वा शर्टाच्या आत घ्या. काढून ठेवलेली जास्त चांगली. १५० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरीचे प्लस आणि मायनस एकमेकांना चिकटले तर हजार अँपिअरच्या वर करंट वाहू शकतो. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण तेवढ्या करंटने अंगठी क्षणात लाल होते आणि बोटातून निघत नाही.

सुती कपड्यावर ॲसिडचा थेंब उडाला तर त्या दिवशी काही दिसत नाही. धुऊन वाळत घातल्यावर तिथे भोक पडलेलं असतं. जुने कपडे घालूनच हे काम करा. फरशीवर सांडलं तर सोडा टाका, फेस यायचा थांबेपर्यंत टाकत राहा, मग पुसा. कातडीवर उडालं तर भरपूर पाणी. डोळ्यात गेलं तर नळाखाली डोळा उघडा धरून किमान १५ ते २० मिनिटं पाणी सोडा आणि लगेच दवाखाना गाठा. डोळ्यात सोडा घालायचा नाही.

जोडण्याआधी प्रत्येक बॅटरी सुटी करून तपासा

ही पायरी लोक गाळतात, आणि पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. इन्व्हर्टर बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, बॅटऱ्यांमधले जोड सोडवा. मग बॅटऱ्यांना किमान चार तास, जमलं तर रात्रभर, तशाच राहू द्या. चार्जिंगनंतर लगेच मोजलेलं व्होल्टेज वरवरचं असतं. १३.२ दिसतं आणि सकाळी १२.३ निघतं.

विश्रांतीनंतरच्या आकड्यांचा अर्थ असा. १२.७च्या आसपास म्हणजे गाडीची किंवा सीलबंद बॅटरी पूर्ण भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ११.९च्या खाली गेली तर ती रिकामीच समजा. घरच्या इन्व्हर्टरच्या उंच ट्युब्युलर बॅटरीचा आकडा मात्र थोडा कमी असतो. तिची भरलेली ग्रॅव्हिटी साधारण १.२४० ठेवलेली असते, गाडीच्या बॅटरीची १.२७० ते १.२८०. ग्रॅव्हिटीत ०.८४५ मिळवले की एका सेलचं व्होल्टेज अंदाजे मिळतं. १.२४० अधिक ०.८४५ म्हणजे २.०८५, आणि सहा सेलचे १२.५. त्यामुळे ट्युब्युलर १२.५वर थांबली म्हणून ती भरली नाही असं समजून तिला उकळवत बसू नका.

१०.५च्या आसपास आकडा आला आणि चार्ज करूनही वर सरकत नसेल, तर बहुधा एक सेल आतून शॉर्ट झालाय. ही बॅटरी संचात जाणार नाही. का, ते पुढे सिरीज आणि पॅरलल दोन्हींत सांगितलंय.

पाण्याच्या बॅटरीत सहाही सेलची ग्रॅव्हिटी घ्या आणि वहीत लिहा. हायड्रोमीटर उभा धरा, फ्लोट काचेला चिकटू देऊ नका, डोळा द्रवाच्या पातळीला आणा. २७ अंशांच्या वर दर १० अंशांना ०.००७ मिळवायचे. ४० अंशांच्या ॲसिडात १.२३० दिसलं तर खरी ग्रॅव्हिटी १.२३९ धरा. भरलेल्या बॅटरीतल्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी ग्रॅव्हिटीच्या सेलमध्ये ०.०३०पेक्षा जास्त फरक असेल तर कमी ग्रॅव्हिटीचा सेल आजारी आहे. सेलमध्ये डोकावताना मोबाईलचा टॉर्च वापरा. काडी किंवा लायटर पेटवून आत बघायची सवय काही जणांना असते. ती डोळे घालवणारी आहे.

एका संचात एकाच जातीच्या, एकाच एएचच्या, जवळपास एकाच वयाच्या बॅटऱ्या हव्यात. सहा महिन्यांपर्यंतचा फरक चालून जातो. चार वर्षं वापरलेल्या बॅटरीच्या जोडीला नवी आणली तर नवी तिच्याच वेगाने म्हातारी होते. एक गेली म्हणून एकच बदलायची, हा पैसे वाचवण्याचा प्रकार बहुधा महागात पडतो.

सिरीज: करंट एकच, व्होल्टेज वाटून

एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, ही सिरीज. दोन बॅटऱ्यांचे २४ व्होल्ट, चारांचे ४८. एएच मात्र एका बॅटरीइतकेच राहतात: १५० एएचच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये म्हणजे २४ व्होल्ट, १५० एएच. चार्जर २४ व्होल्टचा हवा आणि करंट १५० एएचच्या हिशोबाने, म्हणजे दहावा भाग: १५ अँपिअर. पाण्याच्या ट्युब्युलरला हा दहावा भाग सुरक्षित मानतात.

मुख्य टप्प्यात प्रत्येक बॅटरीला १४.४ व्होल्ट, म्हणजे जोडीला २८.८ आणि चारांना ५७.६. भरल्यावर फ्लोट, म्हणजे कायम जोडून ठेवायचं व्होल्टेज, १३.५ ते १३.८, म्हणजे जोडीला २७ ते २७.६. हे आकडे २५ अंशांचे आहेत. दर अंशाला १२ व्होल्टच्या बॅटरीमागे साधारण ०.०२ व्होल्ट फरक करायचा: उन्हाळ्यात ४० अंशांना ०.३ कमी, थंडीत १५ अंशांना ०.२ जास्त. तापमानाचा सेन्सर असलेला चार्जर हे आपोआप करतो. नसेल तर मे महिन्यात सेटिंग खाली आणा, विशेषतः सीलबंद बॅटऱ्यांसाठी, कारण त्यांच्यात उडालेलं पाणी परत भरता येत नाही.

आता मूळ दुखण्याकडे. सिरीजमध्ये दोघींतून करंट एकच जातो. जी आधी भरते तिचं व्होल्टेज चढतं, मागे राहिलेलीचं चढत नाही. चार्जर बेरीज बघून थांबतो तोवर पहिली उकळून निघालेली असते. शॉर्ट सेलची बॅटरी संचात असेल तर हिशोब असा: २८.८ व्होल्ट १२ऐवजी ११ सेलमध्ये वाटले जातात, प्रत्येकाला २.६२. चांगल्या बॅटरीच्या वाट्याला १५.७ येतात, आजारीला १३.१. मरते ती चांगली बॅटरी. डीलरकडे तक्रार घेऊन जातानाही लोक पाणी उडालेली बॅटरीच उचलून नेतात आणि खरी गुन्हेगार ट्रॉलीवरच राहते.

दोघींत फरक का पडतो? वय, उष्णता, आणि तिसरं कारण घराघरांत दिसतं: २४ व्होल्टच्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरून राउटर, सीसीटीव्ही किंवा एलईडीची पट्टी चालवणं. १२ व्होल्ट हवेत म्हणून मधल्या जोडावरून वायर काढलेली असते. ती बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते आणि कधीच पुरी भरत नाही. अशी वायर दिसली तर काढून टाका. १२ व्होल्ट हवेच असतील तर २४चे १२ करणारा कन्व्हर्टर संचाच्या दोन टोकांना जोडा.

संच सुरू करण्याआधी प्रत्येक बॅटरी १२ व्होल्टच्या चार्जरवर एकटी पूर्ण भरा, मग सिरीज जोडा. दर तीन ते सहा महिन्यांनी, जोड सोडवून, हेच पुन्हा करा. मधल्या काळात महिन्यातून एकदा, चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात, प्रत्येकीचं व्होल्टेज घ्या. ०.२ ते ०.३ फरक चालतो. ०.५च्या वर गेला तर जोड सोडवून प्रत्येकीला एकटीने भरा. दर दोन-तीन आठवड्यांनी तोच फरक परत येत असेल तर बॅलन्सर (बॅटऱ्यांचं व्होल्टेज सारखं ठेवणारं उपकरण) लावायच्या आधी ग्रॅव्हिटी बघा. आजारी सेल बॅलन्सरने बरा होत नाही.

जोड न सोडवता प्रत्येक बॅटरीला आपापला १२ व्होल्टचा चार्जर लावता येतो, आणि नवख्यासाठी तो सर्वांत चांगला मार्ग आहे. अट एकच: प्रत्येक चार्जरची डीसी बाजू बाकीच्यांपासून आणि अर्थिंगपासून पूर्ण वेगळी हवी. दोन चार्जरचे मायनस आतून जोडलेले असतील तर दुसरा लावताच एक बॅटरी सरळ शॉर्ट होते. चार्जर तसा आहे की नाही हे कंपनीच्या पुस्तिकेत नसेल तर त्या भानगडीत पडू नका, जोड सोडवूनच भरा. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरमध्ये ही अडचण कमी, पण त्यातले बरेच स्वतःहून थांबत नाहीत. व्होल्टेज १६पर्यंत चढत राहतं. असा चार्जर लावून झोपू नका.

पॅरलल: व्होल्टेज एकच, करंट वाटून

प्लसला प्लस, मायनसला मायनस. १५० एएचच्या दोन म्हणजे १२ व्होल्ट, ३०० एएच. चार्जर १२ व्होल्टचाच, पण दहावा भाग आता ३० अँपिअर. १५ अँपिअरचा लावला तरी चालतो, वेळ दुप्पट लागेल. इथेही चार्जरला बेरीजच दिसते, फक्त करंटची. ३० अँपिअरमधले २२ एकीत आणि ८ दुसरीत जात असतील तर ते मीटरवर कळत नाही. डीसी क्लॅम्प मीटर इथेच कामाला येतो: प्रत्येक बॅटरीच्या केबलभोवती लावून पाहा.

जोडण्याआधी दोघींचं व्होल्टेज ०.१च्या आत आणा. १२.७ आणि ११.७ असलेल्या दोन बॅटऱ्या जोडल्या, आतला रोध आणि केबल मिळून १२ मिलिओहम धरला, तर १ भागिले ०.०१२ म्हणजे ८० अँपिअरच्या वर करंट त्या क्षणी एकीतून दुसरीत धावतो. मोठी ठिणगी उडते, तीही नेमकी टर्मिनलजवळ, जिथे वायू असतो. ०.१ फरकावर हाच करंट ८ अँपिअर.

दुसरं, केबल तिरपी काढा. चार बॅटऱ्या ओळीत असतील तर चार्जरचा प्लस पहिलीला आणि मायनस चौथीला. दोन्ही वायरी पहिल्या बॅटरीलाच लावणं सोपं वाटतं, पण मधल्या पट्ट्यांचा रोध मग वाढत जातो. बॅटरीचा आतला रोध २० मिलिओहम आणि प्रत्येक पट्टीचा दीड मिलिओहम धरून हिशोब केला, तर १०० अँपिअरपैकी पहिलीच्या वाट्याला सुमारे ३६ येतात, मग २६, २० आणि शेवटच्या बॅटरीला १८. पहिली दुप्पट राबते. तिरप्या जोडणीत चौघींना २३ ते २७च्या दरम्यान मिळतात. खर्च फक्त एका हातभर केबलचा आहे.

तिसरं, प्रत्येक बॅटरीच्या प्लसवर तिचा स्वतःचा फ्यूज, टर्मिनलच्या जितका जवळ तितका. एका बॅटरीचा सेल शॉर्ट झाला की तिच्या पाच सेलवर १४.४ व्होल्ट पडतात, एकेकाला २.८८. ती तापते, आणि चार्जर बंद केला तरी शेजारच्या चांगल्या बॅटऱ्या तिच्यात करंट ओतत राहतात. तिथे फ्यूजशिवाय कोणी वाचवत नाही. घरच्या एसीच्या एमसीबी इथे चालत नाहीत. डीसीचा ठिणगीचा पट्टा सहज विझत नाही, म्हणून डीसीसाठी बनवलेलाच फ्यूज किंवा ब्रेकर घ्या.

तीन-चारपेक्षा जास्त बॅटऱ्या पॅरललमध्ये नकोत. त्याऐवजी मोठ्या एएचच्या बॅटऱ्या घ्या किंवा व्होल्टेज वाढवा. चार बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा संच असेल तर आधी दोन-दोनच्या सिरीज जोड्या करा, दोन्ही जोड्यांचं व्होल्टेज जुळवा, प्रत्येक जोडीला फ्यूज द्या, आणि मग त्या पॅरलल करा.

जोडणं, सुरू करणं, थांबवणं

१. चार्जरचं भिंतीवरचं बटण बंद. प्लग काढलेला उत्तम.
२. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने काढा, कोरडं पुसा. सोड्याचं पाणी बुचातून सेलमध्ये जाऊ देऊ नका, आतलं ॲसिड मरतं.
३. बॅटऱ्यांमधल्या पट्ट्या घट्ट करा. शिसं मऊ असतं, पाना मनगटाच्या जोराने फिरवा, खांद्याच्या नको. नटवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा.
४. मल्टिमीटरने संचाची दोन टोकं मोजा. २४च्या संचात ० किंवा १२ आलं तर कुठेतरी उलटं जोडलंय. थांबा.
५. चार्जरचा प्लस लावा, मग मायनस. गाडीत बसवलेली बॅटरी असेल तर मायनसची क्लिप टर्मिनलपासून दूर, चेसिसच्या उघड्या धातूवर.
६. आता बटण चालू. पहिली १५ मिनिटं जागा सोडू नका.

पहिल्या तासात प्रत्येक जोडावर हाताची पाठ टेकवा. जोड सैल असेल तर तोच आधी तापतो, आणि घरात बॅटरीच्या बाबतीत जळण्याचा वास येतो तो बऱ्याचदा सैल लगचा असतो. बॅटरीचं अंग कोमट लागेल तोवर ठीक. हात ठेववत नसेल, म्हणजे साधारण ५० अंशांच्या वर, तर बंद करा आणि थंड होऊ द्या.

अर्धी रिकामी १५० एएचची बॅटरी १५ अँपिअरवर भरायला किती वेळ? ७५ एएच परत घालायचे, वाया जाणारे धरून ९०, म्हणजे ६ तास. त्यानंतर शेवटचा टप्पा हळू चालतो, ३-४ तास आणखी. गुरुवारी दिवसभर वीज नव्हती आणि रात्री दोन तास चार्ज करून सकाळी पुन्हा वापरलं, तर ती भरलेली नव्हती. भरल्याची खरी खूण म्हणजे १४.४ वर करंट एएचच्या २ ते ३ टक्क्यांवर उतरणं, १५० एएचला ३ ते ४ अँपिअर. पाण्याच्या बॅटरीत तासातासाने घेतलेली ग्रॅव्हिटी तीनदा सारखी आली पाहिजे.

भरताना सगळ्या सेलमधून बारीक, सारखा सळसळ आवाज येतो, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. एकच सेल गप्प असेल किंवा एकच जोराने उकळत असेल, तर तो सेल वहीत टिपून ठेवा.

काढताना उलटा क्रम: आधी बटण बंद, मग १५-२० मिनिटं थांबा म्हणजे वायू निघून जाईल, मग मायनस, मग प्लस. चालू चार्जिंगमध्ये क्लिप ओढून काढणं हा स्फोटाचा सर्वांत सोपा रस्ता आहे.

सडक्या अंड्याचा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे बॅटरी फार तापून जास्त चार्ज झालीय. वास येईनासा झाला म्हणून धोका टळला असं नाही. नाक सुन्न होतं. बॅटरीला हात न लावता चार्जरचं बटण बंद करा, ते बटण बॅटरीजवळ असेल तर मेन स्विच बंद करा. खिडक्या उघडा, घरातल्यांना बाहेर काढा. फुगलेली बॅटरी काही तास तशीच ठेवा, तिला पाना लावू नका.

पाणी

पाणी घालायचं ते चार्जिंग पूर्ण झाल्यावर. रिकाम्या बॅटरीत द्रव खाली बसलेला असतो, भरताना वर येतो. आधी काठोकाठ भरलं की ॲसिड बुचातून बाहेर येऊन ट्रॉली खातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र चार्जिंगआधी त्या बुडतील एवढंच घाला. पाणी डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्डच. नळाच्या आणि बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटांवर बसतात. एसीचं ठिबकणारं पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यात कॉइलचा धातू आणि धूळ उतरलेली असते; नको. ॲसिड कधीच घालू नका. सेलमधून पाणी जातं, ॲसिड तिथेच राहतं. बॅटरी कलंडून ॲसिड सांडलं असेल तर ते काम मेकॅनिककडे द्या.

उंच ट्युब्युलरमध्ये जड ॲसिड तळाला बसतं. वर ग्रॅव्हिटी कमी आणि व्होल्टेज ठीक, असं कोडं पडलं तर हेच कारण असतं. चार्जरमध्ये इक्वलायझेशन (मुद्दाम थोडं जास्त व्होल्टेज देऊन सगळे सेल सारखे करणं) असेल तर पाण्याच्या बॅटरीवर दोन-तीन महिन्यांतून एकदा चालवा, १५ ते १५.५ व्होल्टवर, कमी करंटने, खिडकी उघडी ठेवून, इन्व्हर्टर वेगळा करून. सीलबंद बॅटरीवर हे कधीच नाही.

७ एएचच्या छोट्या बॅटऱ्यांचा संच

यूपीएसमधून निघालेल्या १२ व्होल्ट ७ एएचच्या सीलबंद बॅटऱ्या मंडळांत आणि दुकानांत पाच-दहाच्या संख्येने जमतात. त्यांच्या अंगावर छापलेलं वाचा: सुरुवातीचा करंट साधारण २.१ अँपिअरच्या खाली, कायम जोडून ठेवायचं तर १३.५ ते १३.८ व्होल्ट. गाडीचा १५ अँपिअरचा चार्जर एका बॅटरीला लावला तर ती फुगते. सहा बॅटऱ्या पॅरललमध्ये ठेवून ४-५ अँपिअर आणि १३.८ व्होल्टच्या सप्लायवर भरता येतात, पण त्यातल्या पाच आतून सुकलेल्या असतील तर सगळे ५ अँपिअर उरलेल्या एकीत जातात. म्हणून प्रत्येकीला २ अँपिअरचा फ्यूज. आणि भरून चार तासांनी सुटी करून मोजा, १२.५च्या खाली पडणारी बाजूला काढा.

बाद बॅटरी

तिचं ॲसिड गटारात ओतू नका, शिसं काढायला फोडू नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि नवी घेताना डीलर जुनीची किंमत वजा करून देतो. नेताना प्लसवर टेपचे दोन वेढे, बुचं घट्ट, आणि बॅटरी उभीच ठेवा. स्कूटरच्या पायाजवळ आडवी ठेवली तर सिग्नलला पोचेपर्यंत ॲसिड चपलेवर आलेलं असतं. ५०-६० किलोची ट्युब्युलर दोघांनी, तळाला हात घालून उचला. वरच्या दोऱ्या जुन्या झालेल्या असतात.